घोडे परवडत नाहीत, सायकली आहेत

‘शोले’तले डाकू घोड्यांवरून येतात. ‘मालेगाव के शोले’तले डाकू सायकलींवरून आले. २००० साली मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी हा चित्रपट केला, तेव्हा त्यांच्याकडे पन्नास हजारांच्या आसपास रुपये होते, व्हीएचएस कॅमेरा होता आणि यंत्रमागावर राबणारे, छोटी-मोठी दुकानं चालवणारे मित्र होते. एवढ्या पैशात घोडे येणं शक्यच नव्हतं. मग डाकूंना सायकली दिल्या. प्रेक्षकांनी ते दृश्य डोक्यावर घेतलं आणि गावातल्या पार्लरमध्ये हा गावचा चित्रपट आठवडेच्या आठवडे चालला.

धुळ्याहून आग्रा रोडने निघालं की पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागतं. महसुली नकाशावर ते नाशिक जिल्ह्यात आहे. पण आसपासच्या गावांची अहिराणी बोली, बाजारहाट आणि सोयरिकी त्याला खानदेशाशी बांधून ठेवतात. थोड्या पैशांत, कुणा निर्मात्याची वाट न पाहता सिनेमा करू पाहणाऱ्या खानदेशातल्या तरुणांसाठी याहून जवळचा धडा नाही.

जळगाव शहराला जवळजवळ लागून असलेल्या असोद्यातल्या एखाद्या मुलीने आज सिनेमा करायचं मनावर घेतलं, तर तिच्या हातातला फोन नासिर यांच्या तेव्हाच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र टिपेल. संकलनासाठी ‘दाविंची रिझॉल्व्ह’सारखं व्यावसायिक दर्जाचं सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येतं. तरीही बहुतेक पहिले सिनेमे अर्ध्यावर थांबतात. ते कॅमेऱ्यापाशी अडत नाहीत. गोष्ट, माणसं, आवाज, जेवणखाण आणि कागदपत्रं यांच्यापाशी अडतात. ज्यांचे तडीस गेले त्यांच्याकडे पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांनी आधी आपल्याकडे काय आहे ते नीट पाहिलं आणि गोष्ट त्यातून बेतली.

ओळखीचा प्रेक्षक

नासिर यांच्याकडे कॅमेऱ्याच्या आधी प्रेक्षक होता. पार्लरमध्ये रोज सिनेमे दाखवताना कुठल्या दृश्याला शिट्ट्या पडतात आणि कुठे लोक बिडी ओढायला उठतात, हे त्यांना ठाऊक होतं. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात आणि कामगारांच्या सुट्टीचा तो दिवस सिनेमाचा असतो. लोकांना ‘शोले’ तोंडपाठ होता, म्हणूनच त्याची मालेगावी नक्कल पहिल्या संवादापासून पोचली. प्रसिद्ध चित्रपटाचं विडंबन करण्यात आणखी एक सोय होती. कथा, पात्रं, प्रसंग प्रेक्षकाला आधीच माहीत असल्यामुळे त्यांच्या मांडणीत वेळ आणि पैसा जात नव्हता.

पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. त्याच्या चित्रीकरणाची हकीकत फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात पाहायला मिळते. हा माहितीपट २००८ साली तयार झाला आणि २०१२ साली भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. त्यात कॅमेरा सायकलीवरून सरकतो आणि बैलगाडीचा वापर करून उंचावरचं दृश्य घेतलं जातं. हिरव्या पडद्यापुढे आडवा झालेला नायक पुढे संगणकावर आकाशात उडतो. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावरचा किडकिडीत कामगार. चित्रीकरण चालू असतानाच त्याचं लग्न झालं. पुढे तोंडाच्या कर्करोगाने तो गेला.

या माणसांची गोष्ट रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या चित्रपटातून २०२४ साली टोरंटोच्या महोत्सवात पोचली आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी देशभर प्रदर्शित झाली. वरुण ग्रोवर यांनी तिची पटकथा लिहिली. मालेगावच्या मित्रांनी मात्र सिनेमा केला तो आपल्या गल्लीसाठी. टोरंटो त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

सायकलीवरच्या डाकूंचं दृश्य कमी खर्चाच्या सिनेमाविषयी बरंच शिकवतं. भाड्याने दोन मरतुकडे घोडे आणून त्यांना चार कोनांतून दाखवलं असतं, तर गरिबी उघडी पडली असती. सायकली आल्यावर अडचण संहितेचाच भाग झाली. अमेरिकेतले दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी ‘एल मारियाची’ (१९९२) सात हजार डॉलरच्या आसपास रकमेत चित्रित केला, तेव्हा ट्रॉलीच्या जागी चाकाची खुर्ची वापरली. मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावात जे मोफत मिळत होतं, त्याभोवती त्यांनी कथा रचली. ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘फॉलोइंग’ (१९९८) नोकऱ्या सांभाळणाऱ्या मित्रांनी शनिवारी, सुमारे वर्षभर चित्रित केला. फिल्मची रिळं वाया जाऊ नयेत म्हणून प्रत्येक दृश्याच्या तालमी आधी कसून झाल्या होत्या.

असोद्याकडे काय आहे

असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्या इथे महाजनांच्या घरात जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावला गेल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईने शेतात आणि जात्यावर रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी टिपून ठेवली. आचार्य अत्र्यांनी ती वाचली आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली, बहिणाबाईंच्या निधनानंतरच्या वर्षी, संग्रह बाहेर आला. १९५३ साली अत्र्यांनीच ‘श्यामची आई’ पडद्यावर आणला आणि राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मान त्याला मिळाला. त्या पुस्तकाचे लेखक साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. म्हणजे मराठी सिनेमाच्या अगदी मानाच्या क्षणाशी खानदेशचं नातं आहे. १९६१ च्या ‘मानिनी’त बहिणाबाईंची गाणी आली आणि घराघरांत गेली.

नव्या दिग्दर्शकाच्या दृष्टीने बहिणाबाईंची मोलाची ठेव म्हणजे त्यांची बोली. असोदा, यावल, रावेर या पट्ट्यातली लेवा गणबोली आणि धुळ्याकडची अहिराणी यांचा हेल निराळा, शब्द निराळे. शहरी मराठीत लिहिलेले संवाद गावातल्या माणसाच्या तोंडी दिले की तो पाठ म्हणून दाखवतो. त्याच्या बोलीत लिहिले की तो बोलतो. अभिनयाचं शिक्षण नसलेल्या माणसांकडून काम घ्यायचं असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो.

अशी उदाहरणं मराठीत भरपूर आहेत. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त (२००८) बैलावर जीव असलेला मुलगा साकारणाऱ्या शरद गोयेकरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो खेड्यातलाच मुलगा होता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर झालेले वीरा साथीदार हे प्रत्यक्षात कार्यकर्ते होते. त्या चित्रपटाला व्हेनिसमध्ये पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे ‘सैराट’मधला प्रिन्स म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला.

जागेचंही तसंच. केळीच्या बागेत भर दुपारीसुद्धा ऊन गाळून येतं. तिथला मऊ हिरवा उजेड शहरातल्या स्टुडिओत दिवे लावून मिळवायचा तर मोठा खर्च येईल. कापसाने भरलेली खोली, जिनिंगचं आवार, भरताची वांगी भाजायला काट्याकुट्यांचा जाळ पेटवलेलं शेत, या जागांना भाडं नाही. ज्यांच्या आहेत त्यांना विचारावं लागतं आणि काम झाल्यावर जागा झाडून द्यावी लागते.

पैसा कुठून येतो, कुठे जातो

पैसे उभे करण्याचा मार्ग दादासाहेब फाळक्यांनी १९१२ सालीच दाखवून दिला. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल देणाऱ्यांना चलच्चित्र म्हणजे काय हेच कळत नव्हतं. फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची रोज थोडी थोडी छायाचित्रं घेतली आणि बी रुजून वर येण्याचा प्रवास मिनिटभरात दाखवला. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही चित्रफीत पाहून कर्ज देणारे पुढे आले. विम्याच्या पॉलिसी त्यांनी आधीच गहाण टाकल्या होत्या. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिलेच, शिवाय मंडळींचा स्वयंपाक केला आणि कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. आज पैसे मागायला जाणाऱ्याने चाळीस पानांची संहिता हातात देण्यापेक्षा दोन मिनिटांचं एक पूर्ण झालेलं दृश्य दाखवावं.

वर्गणीचंही उदाहरण दूरचं नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याची नायिका स्मिता पाटील धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या घराण्यातली. शेतकरी गाड्या भरभरून आपला सिनेमा पाहायला गेले. वर्गणी देणारा माणूस पुढे तिकीट काढून येतो, हा त्या दोन रुपयांचा दुसरा फायदा होता. सहकाराची सवय असलेल्या खानदेशात, जिथे दूध संघ, केळी संघ आणि गणेश मंडळं आहेत, तिथे ही कल्पना कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

खर्चाच्या बाजूला नवखे लोक सगळ्यात मोठा आकडा कॅमेऱ्यापुढे लिहितात. प्रत्यक्षात छोट्या चित्रीकरणात पैसा जेवण, प्रवास आणि लांबलेल्या दिवसांत जातो. बारा जणांना दोन वेळचं जेवण आणि चार वेळा चहा, असा हिशेब केला की प्रत्येक वाढीव दिवसाची किंमत लगेच कळते. म्हणून कथेतल्या जागा कमी करायच्या आणि एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर ठेवायच्या. असोद्यातली गोष्ट चार गल्ल्या, एक शेत आणि एक घर यांत बसली तर गाडीचं भाडं वाचतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजेड हातात असताना काम होतं.

एका जागी मात्र काटकसर करू नये. मित्र फुकट काम करतात म्हणून त्यांना उपाशी ठेवणं, रात्री दोनपर्यंत थांबवून सकाळी सहाला बोलावणं, हे कमी खर्चाच्या सिनेमाच्या नावाखाली सर्रास चालतं. मानधन देता येत नसेल तर तसं आधी सांगावं, चित्रपटाने पैसे कमावले तर कुणाला किती मिळतील ते कागदावर लिहावं आणि सह्या घ्याव्यात. मैत्री तुटते ती बहुधा चित्रपट चालल्यावर.

ऊन, वीज आणि आवाज

जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडतो आणि माणसंही थकतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे महिने इथे चित्रीकरणाला उत्तम. सूर्य तिरपा असल्याने दुपारीही चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत आणि शेतात कापूस वेचणीची लगबग असते.

आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. म्हणून घरातल्या ट्यूब आणि एलईडीखाली चित्रीकरण करताना फोनमध्ये सेकंदाला पंचवीस चौकटी आणि शटर एक पन्नासांश ठेवलं तर पडद्यावर लपलपणारे पट्टे येत नाहीत. फोर-के चित्रणाचं एक मिनिट साधारण दोनशे ते चारशे मेगाबाइट जागा खातं. रोज संध्याकाळी सगळं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हा नियम घरातल्या घरातही पाळावा लागतो.

आवाज हा पहिल्या सिनेमाचा सगळ्यात दुबळा भाग असतो. थोडं धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो. कॅमेऱ्यावरचा माइक दहा फुटांवरच्या माणसाच्या आवाजासोबत मोटारपंप, ट्रॅक्टर आणि शेजारचा टीव्हीही तेवढ्याच जोमाने घेतो. पहिले जादा पैसे आले की ते कपड्याला लावायच्या चांगल्या माइकवर खर्च करावेत. जागा ठरवताना तिथे वीज असतानाच्या वेळी जाऊन पाच मिनिटं डोळे मिटून ऐकावं, कारण पंप वीज आल्यावर सुरू होतात. प्रत्येक जागी संवाद संपल्यावर अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसती शांतता ध्वनिमुद्रित केली, तर संकलनात दोन तुकड्यांमधली फट तिने भरता येते.

कागद

लहान मूल आणि बैल यांच्याशिवाय खेड्यातली गोष्ट क्वचितच होते आणि नेमकी या दोघांसाठी परवानगी लागते. २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार मुलाला चित्रपटात घेणाऱ्या निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांपुढे नेता येत नाही आणि त्याच्या कमाईचा किमान वीस टक्के भाग बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. जनावर दाखवायचं असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाला आधी कळवून परवाना घ्यावा लागतो. ते पत्र नसेल तर सेन्सॉरच्या दारात चित्रपट अडतो.

संगीताचा प्रश्न त्याहून वारंवार येतो. लोकप्रिय गाणं पार्श्वभूमीला टाकलेला लघुपट यूट्यूबवर रोखला जातो आणि महोत्सवही नाकारतात. बहिणाबाईंच्या १९५२ साली छापलेल्या कवितांच्या स्वामित्वहक्काची साठ वर्षांची मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे त्या नव्याने स्वरबद्ध करता येतात. मात्र त्यांच्या प्रसिद्ध चाली आणि ध्वनिमुद्रणं ज्यांची आहेत त्यांची परवानगी लागतेच. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या गळ्यातून तीच ओवी नव्या चालीत टिपली, तर चित्रपटाला परवानगीची अडचण राहत नाही आणि त्याला स्वतःचा आवाजही मिळतो. अर्थात त्या बाईचीही लेखी संमती आणि मानधन ठरवायला हवं.

दाखवायचा कुठे

चित्रपटगृहात लावायचा असेल तर सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र हवं. यूट्यूबवर टाकायला ते लागत नाही, म्हणून पहिली पायरी बहुतेकांसाठी तीच असते. खानदेशाने ही पायरी केव्हाच ओलांडली आहे. ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आणि अहिराणीचा गंध नसलेल्या लग्नांतही वाजलं. या भागातल्या ‘छोटू दादा’च्या विनोदी चित्रफिती हिंदी मुलखात पोचल्या. त्यातून कॅमेरा, ध्वनी, रंगभूषा यांवर हात बसलेली माणसं जळगाव-धुळ्यात तयार झाली आहेत. असोद्यातल्या मुलीला छायाचित्रकार शोधायला मुंबईला जायची गरज उरलेली नाही.

दुसरी वाट महोत्सवांची. ती लांबची आहे. रोहन कानवडे यांनी वर्षानुवर्षं लघुपट केले. त्यांतल्या ‘उ उषाचा’ची दखल घेतली गेली आणि त्यानंतर ‘साबर बोंडं’ हा पहिला मोठा चित्रपट आला. २०२५ साली सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागाचं सर्वोच्च ज्यूरी पारितोषिक मिळालं. कानवडे फिल्म स्कूलमध्ये शिकलेले नाहीत आणि त्यांच्या त्या गोष्टीचं मूळ वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या सुतकाच्या दिवसांत आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटाची वेळ आली की राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) गोव्यातला ‘फिल्म बाजार’ अर्धवट झालेले चित्रपटही पाहतो. रॉटरडॅम महोत्सवाच्या हुबर्ट बाल्स निधीने ‘कोर्ट’ला मदत केली होती. राज्य सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी अनुदान योजना आहे; तीत ‘अ’ दर्जाला चाळीस लाख आणि ‘ब’ दर्जाला तीस लाख रुपये असं स्वरूप राहिलं आहे. पण ही रक्कम चित्रपट पूर्ण करून, प्रमाणपत्र घेऊन, परीक्षण झाल्यावर मिळते. ती गृहीत धरून कर्ज काढणं धोक्याचं.

असोद्यातल्या पहिल्या लघुपटाचं वर्ष मग साधारण असं बेतता येईल. पावसाळ्यात, पेरण्या उरकल्यावर संहिता लिहायची आणि गावातल्याच दहा माणसांना ती वाचून दाखवायची. पोळ्याच्या सुमारास मुलांची आणि जनावरांची परवानगी मागणारे अर्ज टाकायचे, कारण त्यांना वेळ लागतो. नवरात्रात जागा पक्क्या करून संध्याकाळच्या तालमी घ्यायच्या. दिवाळीनंतर कापूस वेचणी चालू असताना सहा-सात दिवसांत चित्रीकरण आटोपायचं. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर पडवत नाही, तेव्हा संकलनाला बसायचं. आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे इथल्या आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येतात, गाव भरलेलं असतं, तेव्हा शाळेच्या भिंतीवर पहिला खेळ लावायचा आणि दिग्दर्शकाने मागे उभं राहून लोक कुठे हसतात आणि कुठे उठतात ते टिपून घ्यायचं.